जागा असताना चांद का कापला?

श्रोतेहो, कवीला माईकसमोर बसवलं की तो कविता म्हणणारच, असा एक धाक सगळ्यांना असतो. आज घाबरू नका. आज मी कागदाच्या मापाबद्दल बोलणार आहे. लांबी, रुंदी, इंच आणि मिलिमीटर. विषय रुक्ष वाटेल, पण माझं लक्ष त्याच्याकडे गेलं ते एका नऊ वर्षांच्या मुलाच्या प्रश्नामुळे, आणि त्या प्रश्नाने मला दोन रात्री नीट झोपू दिलं नाही.

आमच्या मोहल्ल्यात एक छोटं वाचनालय आहे. दोन कपाटं, एक लांब टेबल, वर्तमानपत्रांचा स्टँड आणि कुणीतरी देऊन टाकलेला एक जुना कॉम्प्युटर. संध्याकाळी मी तिथे बसतो. मुलं येतात, पुस्तकं कमी घेतात आणि कॉम्प्युटरभोवती जास्त घोटाळतात. त्यावर चित्रं काढायचा एक मोफत मिळणारा प्रोग्रॅम होता. नाव सांगत नाही. ज्या भल्या माणसाने तो फुकट वाटला, त्याला बोल लावावा असं मला वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी रमजान संपत आला होता. मुलांनी ठरवलं की यंदा ईदची कार्डं विकत आणायची नाहीत, स्वतः काढायची आणि छापायची. एका मुलाने फार सुंदर चित्र काढलं. आडवं चित्र. खाली घरांच्या गच्च्या, गच्च्यांवर माणसं, बायका, खांद्यावर घेतलेली पोरं, आणि सगळ्यांची बोटं आभाळाकडे. वर, अगदी काठाला टेकून, ईदचा चांद. नखाच्या कडेएवढा बारीक. खरा चांदही असाच असतो. दिसला म्हणेपर्यंत जातो.

प्रिंटरने कागद बाहेर टाकला. गच्च्या आल्या, माणसं आली, बोटंही आली. चांद आला नाही. सगळा मोहल्ला रिकाम्या आभाळाकडे बोट दाखवत उभा! मोठी माणसं हसली. कुणी म्हणालं, उद्या तिसावा रोजा धरा. पण त्या पोराने कागद उचलून उजवी बाजू मला दाखवली. तिथे जवळजवळ बोटभर रुंदीची कोरी पट्टी सुटली होती. तो म्हणाला, "चाचा, इथे तर जागा आहे. मग चांद का कापला?"

मी बी. ए. झालेला माणूस. वृत्तांच्या मात्रा मोजता येतात, पण या प्रश्नाचं उत्तर मला येईना. जागा कमी पडली म्हणून कापलं, हे समजू शकतं. जागा शिल्लक असताना कापलं, हे कसं?

उत्तर कागदातच होतं. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात जो साधा पांढरा कागद मिळतो, त्याला ए-फोर म्हणतात. तो २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. अमेरिकेत आणि कॅनडात जो रोजचा कागद आहे, त्याचं नाव लेटर. तो साडेआठ इंच बाय अकरा इंच, म्हणजे साधारण २१६ बाय २७९ मिलिमीटर. दोन्ही माणसासमोर एकेकटे ठेवले तर फरक कळणार नाही. एकावर एक ठेवले की कळतो. आपला कागद १८ मिलिमीटर जास्त लांब आहे, पण ६ मिलिमीटर अरुंद आहे. आता हे कागद आडवे धरा. प्रोग्रॅमला वाटत होतं की समोर लेटर आहे, म्हणून त्याने चित्र २७९ रुंद आणि २१६ उंच असं काठापासून काठापर्यंत ताणून बसवलं. यंत्रात मात्र होता ए-फोर. त्यामुळे बाजूला १८ मिलिमीटर कोरे सुटले आणि उंचीत ६ मिलिमीटर बाहेर गेले. त्यात भर म्हणजे, बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी काठावर छापू शकत नाहीत. कागद धरून पुढे सरकवण्यात चार-पाच मिलिमीटर जातात. आमच्या यंत्राने खालचा काठ धरला, म्हणून वरचं गेलं. एक सेंटिमीटरभर आभाळ गेलं आणि त्या सेंटिमीटरातच चांद होता.

हे मला सांगितलं माझ्या भाच्याने. तो कॉम्प्युटरच्या कामात आहे आणि ईदला घरी आला होता. त्याने फूटपट्टीने ती कोरी पट्टी मोजली आणि म्हणाला, "मामू, अठरा मिलिमीटर. म्हणजे हा लेटर समजून बसलाय." डॉक्टरने नाडी धरताच आजार ओळखावा तसं. मग त्याने प्रोग्रॅमचा मूळ कोड उघडला. हा प्रोग्रॅम अशा जातीचा की त्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही बदलावा. छपाईच्या भागात त्याने मला दोन आकडे दाखवले, ६१२ आणि ७९२. बस्स. एवढंच लिहिलेलं होतं. कुठलाही प्रश्न नाही, पर्याय नाही. ज्याने लिहिलं त्याच्या टेबलावर लेटर कागद होता आणि त्याने जग तेवढंच धरलं.

हे आकडे कसले? हे आहेत पॉइंट. लहानपणी आमच्या गावात एक ट्रेडलचा छापखाना होता. तिथे खिळे जुळवणारे कंपोझिटर 'बारा पॉइंट', 'अठरा पॉइंट' म्हणत, आणि मला ते शब्द मंत्रासारखे वाटत. शिशाचे खिळे गेले, पण पॉइंट गेला नाही. १९८४ साली अ‍ॅडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट नावाची, छपाईयंत्राशी बोलण्याची एक भाषा आणली. तिने एका इंचाचे बरोबर ७२ पॉइंट धरले. साडेआठ इंचांना ७२ ने गुणा, ६१२ येतात. अकराला गुणा, ७९२. आणि आपला ए-फोर? ५९५ बाय ८४२. कॉम्प्युटरसाठी कागद म्हणजे एवढंच, दोन आकडे. त्याला कागद दिसत नाही, त्याचा वास येत नाही, ट्रेमध्ये काय ठेवलंय हे बऱ्याचदा कळतही नाही. आपण जे सांगू ते तो खरं मानतो. आणि आपण काही सांगितलं नाही, तर आपल्या आधी कुणी सांगून ठेवलं असेल ते.

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण ए-फोरची मापं ऐकताना कुणालाही वाटतं, २१० आणि २९७ हे काय आकडे झाले? सरळ २०० आणि ३०० का नाही? त्याची गंमत आहे. १७८६ साली जर्मनीत गटिंगेनला लिश्टेनबर्ग नावाचे एक प्राध्यापक होते. ते एका तरुण इंग्रजाला बीजगणित शिकवत. त्यांनी त्याला कोडं घातलं, असा कागद शोधून काढ की जो मधोमध दुमडला तरी त्याचा घाट तोच राहील, पुन्हा दुमडला तरी तोच. उत्तर निघालं की लांबी ही रुंदीच्या १.४१४ पट हवी, म्हणजे दोनचं वर्गमूळ. मग प्राध्यापक कात्री घेऊन तसा कागद कापायला बसले, तर त्यांच्या लक्षात आलं की समोरचा साधा लिहिण्याचा कागद मुळातच त्या मापाचा आहे! हे त्यांनी स्वतः एका पत्रात लिहून ठेवलं आहे. मला हा प्रसंग फार आवडतो. आपण वृत्त शोधत बसावं आणि आजीच्या जात्यावरच्या ओवीत ते आधीच असावं, तसं झालं.

पुढे १९२२ साली वाल्टर पोर्स्टमान या जर्मन गृहस्थांच्या कामावरून तिथे कागदाच्या मापांचं राष्ट्रीय मानक ठरलं. त्यांनी वर्गमुळाला मीटरची जोड दिली. सर्वांत मोठा कागद ए-झीरो, त्याचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर. तो अर्धा केला की ए-वन, पुन्हा अर्धा ए-टू, मग ए-थ्री आणि चौथ्या घडीला ए-फोर. म्हणजे एका चौरस मीटरात सोळा ए-फोर. घरात तराजू असेल तर पडताळा पाहा. कागदाच्या रिमवर ८० जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम. सोळाने भागा, एक ताव पाच ग्रॅमचा. पाचशे तावांची रीम अडीच किलोची. टपालात पत्र टाकताना किती कागद चालतील, हे वजन न करता सांगता येतं. १९७५ साली हेच माप आंतरराष्ट्रीय मानक झालं. अमेरिकेने ते घेतलं नाही. त्यांचा लेटर दुमडला की ५.५ बाय ८.५ इंच होतो आणि त्याचा घाट बदलतो. एकाचं चित्र दुसऱ्यावर लहान करून बसवायचं तर कुठेतरी कोरं सोडावं लागतं. तरी त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपणही गज, तोळा आणि ब्रास अजून सोडलेले नाहीत.

आणि कागदाच्या बाबतीत आपलं तरी काय? ए-फोर आपण घेतला, पण फुलस्केप आपल्याकडून सुटला नाही. शाळेच्या परीक्षेत आम्ही 'फुलस्केप आणा' हे ऐकत वाढलो. हा शब्द कुठून आला ठाऊक आहे? जुन्या काळी युरोपात कागद बनवताना त्यात एक जलचिन्ह उमटवत, विदूषकाची घुंगुरवाली टोपी. फूल म्हणजे विदूषक, कॅप म्हणजे टोपी. विदूषकाची टोपी इंग्रजांबरोबर आली आणि आपल्या कचेऱ्यांत गंभीर चेहऱ्याने बसली. कोर्टात पूर्वी लीगल चालायचा, साडेआठ बाय चौदा इंच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवलं की कागदपत्रं ए-फोरवर, पाठपोट छापून घ्यायची. तोवर तिथे लांब कागदाच्या एकाच बाजूला छापायची रीत होती. मराठी पुस्तकांचं जग आणखी वेगळं. तिथे डेमी आणि क्राउन. माझे संग्रह डेमीत निघाले, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. त्या रुंदीत माझ्या लांब ओळी मावत नाहीत, मोडून खाली येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं कवीनेच मोडल्या. समीक्षकांनी त्यावर काही लिहिलंही आहे. ते मी मुकाट्याने स्वीकारलं.

आता भाच्याने काय केलं ते सांगतो, कारण मला वाटलं होतं की दोन आकडे खोडून दुसरे दोन लिहिले की झालं. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "मामू, मग अमेरिकेतल्या पोराचा चांद कापला जाईल." बरोबर होतं. आपला कागद त्यांच्यापेक्षा लांब. एखाद्या पोराने उभं चित्र काढलं आणि ते आपल्या मापाने त्यांच्या कागदावर गेलं, तर वरचे १८ मिलिमीटर जातील. म्हणजे आभाळासकट चांद. चूक दुसऱ्याच्या अंगणात ढकलून ती दुरुस्त होत नाही.

म्हणून त्याने आधी एक यादी केली. प्रत्येक कागदाचं नाव, रुंदी, उंची. ए-फोर, ए-थ्री, ए-फाइव्ह, लेटर, लीगल. छपाईचं बटण दाबलं की ही यादी समोर यावी. हा भाग अर्ध्या तासात झाला. खरा वेळ गेला तो पुढे. यादी आली, तरी चित्र त्या कागदावर बसवायचं कसं?

इथे एक छोटा हिशेब आहे आणि तो मला इतका आवडला की सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा, पडद्यावरचं चित्र ८०० ठिपके रुंद आणि ६०० ठिपके उंच आहे. आडवा ए-फोर ८४२ बाय ५९५ पॉइंट. चारी बाजूंनी अर्धा इंच, म्हणजे ३६ पॉइंट समास सोडला, की उरतात ७७० बाय ५२३. आता रुंदीला विचारा, चित्र कितपट करू? ती म्हणते, ०.९६ पट. उंचीला विचारा. ती म्हणते, ०.८७ पट. दोघींचं एकमत नाही. अशा वेळी ऐकायचं कुणाचं? जी कमी मागते तिचं. ०.८७ धरलं तर चित्र पूर्ण मावतं, फक्त डावीउजवीकडे थोडी जागा जास्त सुटते. ०.९६ धरलं तर रुंदी खूश होते आणि उंचीत काहीतरी कापलं जातं. आणि जो आकडा निघेल तो रुंदीला आणि उंचीला सारखाच लावायचा, नाहीतर माणसं लठ्ठ होतात किंवा काडीसारखी. जुन्या कोडमध्ये दोन्ही बाजू वेगवेगळ्या ताणल्या होत्या आणि समास मुळीच सोडला नव्हता. खरा घोटाळा तिथे होता. लेटरचे आकडे हे त्याचं अर्धंच कारण.

शिवाय चित्र आडवं असेल तर ते उभ्या कागदावर काटकोनात फिरवून ठेवायचं. आणि निवडलेला कागद लक्षात ठेवायचा, नाहीतर प्रत्येक वेळी पोरांनी यादी उघडायची आणि दहा वेळांतून नऊ वेळा विसरायचं.

मी विचारलं, कुणी काहीच निवडलं नाही तर? भाचा म्हणाला, हा सगळ्यांत कठीण प्रश्न. काही प्रोग्रॅम यासाठी बरंच सोसतात. मुलांसाठीचा टक्स पेंट नावाचा एक प्रसिद्ध मोफत प्रोग्रॅम आहे, बिल केंड्रिक या अमेरिकन माणसाने २००२ साली सुरू केलेला. लिनक्सवर तो छपाईआधी क्रमाने चौकशी करतो. वापरणाऱ्याने माप सांगितलंय का? नाही, तर कॉम्प्युटरच्या मांडणीत कुठे लिहिलंय का? नाही, तर कागदाची मापं सांभाळणाऱ्या एका वेगळ्या तयार भागाला विचारतो. त्याच्या यादीत ए-झीरोपासून ए-टेनपर्यंत सगळे आहेत, लेटर आणि लीगल आहेत आणि फुलस्केपही आहे, तोही दोन नावांनी.

याच संदर्भात भाच्याने मला एक गोष्ट दाखवली, ती मी विसरू शकत नाही. लिनक्समध्ये प्रत्येक भाषा आणि देशाची एक जोडी असते. तारीख कशी लिहायची, पैशाचं चिन्ह कोणतं, हे त्या जोडीवरून ठरतं. त्यातच कागदाचं मापही लिहिलेलं असतं. 'मराठी, भारत' ही जोडी उघडली, तर आत उंची २९७, रुंदी २१०. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माझ्या भाषेच्या पोटात कागदाचं माप आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आमच्या वाचनालयातला कॉम्प्युटर कुणीतरी सुरू करून देताना मात्र यादीतलं पहिलं नाव निवडून मोकळा झाला होता, 'इंग्रजी, अमेरिका'. आपल्याकडे असे कितीतरी कॉम्प्युटर असतात. भाषा अमेरिकेची निवडली की कागदही अमेरिकेचा होतो आणि कुणी विचारत नाही.

चांद कापला तर डोळ्यांना दिसतो तरी. काही चुका दिसत नाहीत. अनेक प्रोग्रॅम हल्ली हुशारी करतात, कागद आणि माप जुळत नसेल तर न विचारता सगळं थोडं लहान करून बसवतात. ए-फोरचं पान लेटरमध्ये बसवायचं तर ते साधारण ९४ टक्के करावं लागतं. पत्र असेल तर बिघडत नाही. पण शिवणकाम करणाऱ्या एखाद्या बाईने ब्लाउजचा कागदी नमुना छापून घेतला, तर तिची ३६ इंच छाती कागदावर ३४ ची होते. कापड कापून झाल्यावर ते कळतं. तेव्हा मापाचं काही छापायचं असेल, तर एक सोपी युक्ती आहे. चित्रात कोपऱ्यात दहा सेंटिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर फूटपट्टी लावा. दहा भरली तर पुढे जा. नाही भरली तर छपाईच्या चौकटीत कागदाचं नाव पाहा आणि 'पानात बसवा' असं काही निवडलेलं असेल तर ते काढून 'मूळ आकार' करा. आणि तीन ठिकाणी एकच नाव आहे ना, याची खात्री करा: प्रोग्रॅममध्ये, प्रिंटरच्या मांडणीत आणि ट्रेमधल्या प्रत्यक्ष कागदात. तिघांपैकी एकजण जरी वेगळं बोलला, तरी भांडण कागदावर उमटतं.

भाच्याचं काम एकोणतिसाव्या रोजाच्या दुपारी संपलं. मी कपाटातून फुलस्केपची एक जुनी, कडा पिवळ्या पडलेली रीम काढली आणि म्हटलं, हिचं नाव तुझ्या यादीत नाही. त्याने इंटरनेटवर न शोधता फूटपट्टी घेतली. साडेआठ बाय साडेतेरा इंच भरली. दुकानागणिक दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात, म्हणून त्याने यादीच्या शेवटी आणखी एक ओळ घातली, 'स्वतः माप लिहा'. मला ती ओळ सगळ्या यादीत चांगली वाटली. नंतर केलेला बदल त्याने प्रोग्रॅमच्या मूळ कर्त्याकडे पाठवून दिला.

असरच्या नमाजनंतर पोरं जमली. चित्र पुन्हा छापलं. गच्च्या आल्या, माणसं आली, बोटं आली आणि बोटांच्या वर चांद. चारी बाजूंनी नीट समास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्याचं चित्र होतं तो कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला आणि म्हणाला, "चाचा, पण आता तो लहान झाला."

खरंच लहान झाला होता. ०.८७ पट. मी त्याला हिशेब समजावू लागलो, पण तेवढ्यात बाहेर गच्चीवरून आरडाओरडा झाला आणि सगळी पोरं कागद टेबलावर टाकून जिन्याकडे धावली.